न भागलेला आकडा

माझ्या बायकोचे मामा देवावर विश्वास ठेवतात, डॉक्टरवर ठेवतात, हवामान खात्यावरसुद्धा ठेवतात. फक्त आकड्यावर ठेवत नाहीत. त्यांची सगळी नोकरी न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनरचे नंबर तपासण्यात गेली. त्या नंबरातला शेवटचा अंक आधीच्या अक्षरांच्या आणि अंकांच्या हिशेबातून निघतो. तो जुळला नाही, तर लिहिणारा चुकला. निवृत्त होताना मामा हा संशय घरी घेऊन आले. दिसेल त्या आकड्याला कशाने भाग जातो हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. उरण रस्त्यावर ट्रेलर तुंबले की बाकीचे शिव्या घालतात, मामा मात्र खूश असतात, कारण वाचायला एवढे नंबर. दवाखान्यात नर्सने एकशे त्रेचाळीस नंबर पुकारला, तर तिला 'अकरा गुणिले तेरा' ऐकवूनच हे आत गेले. माझा मोबाइल नंबर तेराने जातो, ही बातमी मामांच्या गावात, गव्हाणात, माझ्या नावाच्या आधी पोचली होती.

मी गणितात एम.एस्सी. आहे आणि पनवेलला क्लास घेतो. ही गोष्ट मला कुणापासूनही पाच मिनिटांहून जास्त लपवता येत नाही. साहजिकच माझ्या हळदीच्या मांडवात मामा वही घेऊन समोर बसले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, म्हणजे ओळीने सात एक. याला कशाने भाग जातो? अंगभर हळद, कानाशी डीजे. मी मनात तीन, पाच, सात, अकरा, तेरा लावून पाहिले. दर वेळी बाकी एक. शहाण्याने पुढे सतरा लावला असता. मी हात वर करून जाहीर केलं, कशानेच नाही, ही मूळ संख्या आहे. मामांनी वही मिटली.

पुढे त्यांनी नवीन बंगला बांधला. लोक दर्शनी भिंतीवर आईवडिलांचं नाव घालतात. मामांनी टाइल्समध्ये तोच सात एकांचा आकडा बसवून घेतला आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझी कीर्ती सांगितली. मीही दरवर्षी वर्गात मूळ संख्या म्हणून हीच शिकवत राहिलो. गेल्या महिन्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "सर, दोनशे एकोणचाळीसने जाते."

रविवारी गव्हाणला जाऊन मामांना सगळं कबूल केलं. त्यांनी पेन्सिल घेतली. एकेक अंक बोट ठेवून तपासत गेले, त्यामुळे भागाकाराला वेळ लागला. बाकी शून्य आली. भागाकार चार हजार सहाशे एकोणपन्नास. त्यांनी शून्याखाली दोनदा रेघ मारली.

"मामा, तुम्ही तेव्हाच भागून का नाही पाहिलंत?"

"जावयाचा शब्द हाय, तो काय भागून बघायचा? जल्मात येवढा एकच आकडा मी तसाच मानला."

मला मान वर करवेना. इतकी लाज मला कुठल्या परीक्षेतही वाटली नव्हती. मामांनी चार हजार सहाशे एकोणपन्नासभोवती गोल काढला आणि वही माझ्याकडे सरकवली.

"ह्याला तरी कशानं भाग जात नाय ना?"

"तुम्हीच भागून बघा, मामा."

"नाय. तुमी सांगा."

मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली, जमिनीवर मांडी घातली आणि दोनापासून सुरुवात केली.