गंगा घरातून जाते

रत्नागिरीच्या माणसाला नदीकाठी मासे खायला बोलावणं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे पाठवणं. परभणीच्या माझ्या मेव्हण्यांचं तसं आमंत्रण आलं तेव्हा मी हसलोच. पण निजामाचा मुलूख पाहायची हौस होती, म्हणून भादव्यात निघालो.

मनमाड सोडल्यावर करोडगिरीवाल्यांनी (निजामाच्या जकातवाल्यांनी) माझी ट्रंक उघडायला लावली. बायकोने तिच्या भावासाठी दिलेले सुके बांगडे वर येताच शिपायाने नाक दाबलं आणि "बंद करो, बंद करो!" म्हणत मला सोडून दिलं. त्या बांगड्यांइतका उपयोगी परवाना मी आजवर पाहिलेला नाही.

परभणीहून मेव्हण्यांनी मला एकट्याला दमणी (हलकी बैलगाडी) करून दिली. काळी माती चाकांना अशी धरायची की ताडकळसचा बाजार गाठेस्तोवर मीच दोनदा उतरून गाडी ढकलली. तिथून पुढे नावघाट. तूर आणि कापसाच्या हिरव्या रानांतून गाडी उताराला लागली आणि गोदावरी दिसली. रुंद होती, हे कबूल करतो. "आमच्या खाडीएवढी आहे," असं गाडीवानाला सांगितलं. तो म्हणाला, "आसंल," आणि बैलांना पाणी पाजायला घेऊन गेला. तिला गोदावरी म्हणणारा तिथे मीच एकटा, बाकी सगळे 'गंगा' म्हणतात.

घाटावर सटवाजी भोयाचा उतारा होता. सटवाजी नाव चालवायचा. नावेची वाट पाहणारे उतारू तिथे टेकायचे आणि शुक्रवारच्या सुट्टीला परभणीचे कचेरीवाले गळ घेऊन मासे धरायला यायचे. रांधायला त्याची बायको गयाबाई. तिने मरळ माशाचं झणझणीत कालवण आणि ज्वारीची भाकरी वाढली. गोड्या पाण्यातला मासा म्हणून मी नाक मुरडलं आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

घराची दुरुस्ती नुकतीच झाली होती. घर काठाला समांतर, लांबट. दोन लांब भिंती दगडी आणि त्यांवर माळवद (मातीचं सपाट छप्पर). दोन्ही टोकांना मात्र आजवर तुराट्यांचे (तुरीच्या वाळक्या काड्यांचे) शेणामातीने लिंपलेले कूड असत. पूर आला की कूड सोडवून माळवदावर टाकायचे, म्हणजे गंगा या टोकाने शिरून त्या टोकाने निघून जायची. मग गाळ उपसायचा आणि कूड पुन्हा उभे करायचे.

हैदराबादेत गवंडीकाम शिकून आलेला मुलगा मारोती याने यंदा प्रवाहाच्या तोंडावरचा कूड काढून तिथे दगडचुन्याची भिंत घातली होती.

"आईचा जल्म कूड लिंपण्यात गेला," तो मला म्हणाला. "आता तिला बसून खाऊ द्या की."

भिंत देखणी होती. मी तिची तोंडभरून स्तुती केली. गयाबाई चुलीत काटक्या सारत राहिली. सटवाजीला विचारलं तर म्हणाला, "मला काय इचारता? घर तिचं. नाव माजी."

दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं होतं, आभाळात ढग औषधाला नव्हता, आणि पूर आला. पाऊस कुठे तरी वर झाला होता. पाणी गुळाच्या काकवीसारखं लाल झालं आणि बघता बघता फुगलं. मुळांसकट झाडं आली, एक अख्खं छप्पर आलं, त्यावर कोंबडा उभा. आमच्या समुद्राला ओहोटी माहीत असते. या पाण्याला परत जायचंच नव्हतं.

सटवाजीने नाव वरच्या झाडाला बांधली. दुसऱ्या टोकाचा कूड, शेळ्या आणि माझी ट्रंक माळवदावर गेली. तोवर पाणी मारोतीच्या भिंतीला भिडलं. भिंत हलली नाही. पण अडलेलं पाणी बाजूंनी वळून पायाखालची माती खायला लागलं. ढेकळं सुटत होती, आतमध्ये माळवदाची माती झरत होती. ही भिंत उभी राहिली असती तर सगळं घर गेलं असतं.

गयाबाई ताट घेऊन आली. ताटात खण, नारळ, हळदकुंकू. पाणी उंबऱ्याला लागलं की गंगेची ओटी भरायची, ही तिथली रीत.

"मारोती, वटी कुटं भरू रं? गंगेचं दार कुटं हाय?"

"आई, भित टिकल."

"टिकल की. पर लेक म्हायेराला आली अन् तिला दारच न्हाई. ती घरच घिऊन जाईल संगं."

मारोती एकदा आईकडे आणि एकदा भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने पहार उचलली. पहिला घाव घालताना त्याचे डोळे भरले होते आणि ते तो लपवत नव्हता. दगड आत कोसळले आणि त्यांच्यामागून गंगा घरात आली. गुडघाभर पाण्यात उभी राहून गयाबाईने ओटी सोडली आणि म्हणाली, "ये बाई."

आम्ही माळवदावर चढलो. पायांखालून, जिथे काल मी जेवलो त्या जागेवरून, नदी चालली होती. माळवद थरथरत होतं, पण उभं होतं. समुद्राकाठी जन्मलेला मी, पण माझे हात आपोआप जोडले गेले.

पाणी उतरल्यावर घोटाभर गाळात माझा एक बूट कायमचा गेला. चुलीच्या खळग्यात एक मरळ तडफडत होती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. गयाबाईने ती ओंजळीत उचलून नदीत सोडली. "पाव्हणीचं लेकरू माघं ऱ्हायलंय," म्हणाली.

मी निघालो तेव्हा मारोती त्याच दगडांच्या पायऱ्या घाटावर बसवत होता आणि गयाबाई कुडाला माती लिंपत होती. बोटं थांबवून तिने विचारलं, "तुमी समिंदराची वटी भरता का?"

"नारळी पौर्णिमेला नारळ वाहतो."

"तो दाराशी येतो?"

"नाही, आम्हीच जातो त्याच्याकडे."

"मग तुमचं लय सोपं हाय, बाबा."

पुढच्या नारळी पौर्णिमेला वाजतगाजत किनाऱ्यावर गेलो, नारळ टाकला आणि कोरड्या पायांनी घरी आलो. घर जागच्या जागी होतं. नारळीभाताची पंगत बसायची होती, आणि मी पाट मांडता मांडता उगाचच घराची दोन्ही दारं उघडून ठेवली.