एका ओळीची कमांड

लोबानाचा वास आला की मस्कतच्या रुवी भागातली आमची खोली आठवते. ओमानला नवा आलो तेव्हा रत्नागिरीच्या ज्या ड्रायव्हरभाईंनी मला तिथे जागा दिली, ते हृदयविकाराने गेले होते, आणि त्यांचे फोटो मी त्यांच्या बायकोला पाठवणार होतो. त्यांच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही फोनचे फोटो एकाच मेमरी कार्डावर होते. जुन्यांच्या नावाशेवटी जेपीईजी, नव्यांच्या जेपीजी. छापून देणाऱ्या गावच्या स्टुडिओला सगळीकडे जेपीजी हवं होतं. "तू शिकलेला, तूच कर," खोलीतले म्हणाले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ऐटीत सगळी नावं एकदम बदलणारी एका ओळीची कमांड लिहिली आणि थेट कार्डावरच चालवली. दोन्ही फोनच्या फोटोंचे क्रमांक एकपासूनच सुरू होत होते, हे पाहिलंच नाही. जुने फोटो नव्यांच्या नावावर बसले आणि नवे कायमचे पुसले गेले. उरलेले तसेच पाठवून दिले. आठवड्याने त्यांच्या बायकोचा फोन आला. "भाई, शेवटच्या ईदचे फोटो यात नाहीत." "भाभी, फोनमध्ये नव्हतेच ते," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला तर बोलले होते, मुलीला दाखवायला खूप काढलेत म्हणून. खोटंच बोलले म्हणायचं." आता मी आधी कॉपी काढल्याशिवाय कुठल्याही फाइलला हात लावत नाही. पण ते खोटं बोलले नव्हते, एवढं मात्र भाभींना अजून सांगितलेलं नाही.