खंडेनवमीचं शस्त्र

मी जर्मनीत लुडविग्सहाफेनमध्ये एका केमिकल कंपनीत कामगारांना सुरक्षितता शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं वाचून कोणाचा विश्वास बसणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या तळघरातून वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेकर यांची सायकल चोरीला गेली. (तिच्या चाकांत हवा नव्हती. बिचाऱ्या चोराने खांद्यावरून नेली असणार.) माझ्यातला कुटुंबप्रमुख खडबडून जागा झाला. मी जाहीर केलं की आपण गॅस पिस्तूल घेणार, म्हणजे गोळीऐवजी डोळ्यांना झोंबणारा गॅस सोडणारं. ते कोटात लपवून बाळगायला इथे ‘क्लाइनर वाफनशाइन’ नावाचा परवाना लागतो. त्याचा अर्जही मी भरून टाकला.

"तू?" माझी बायको मेधा म्हणाली. "कोळी दिसला की खुर्चीवर कोण चढतं?"

"मुद्दा समजून घे. कोणाच्या कोटात काय आहे हे चोराला कळत नाही, म्हणून तो घाबरतो."

"मग ते मलाही कळणार नाही. ट्राममध्ये शेजारच्याला ‘सरकता का जरा’ म्हणायचीसुद्धा चोरी!"

"गेनाऊ," म्हणजे ‘अगदी बरोबर’, आमची तेरा वर्षांची ईरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र जर्मनमध्ये येतात आणि ती नेहमी आईच्या बाजूची असतात.

माझ्या बाजूने फक्त सासूबाई होत्या. त्या साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. "असू दे गं जावईबापूंच्या हातात काहीतरी. तुझे बाबा उशाशी काठी घेऊन झोपायचे."

"आणि तिलाच अडखळून पडले होते," मेधा म्हणाली.

शेवटी तह झाला. परवाना यायला वेळ होता, तोवर मी पेपर स्प्रे बाळगायचा. (त्याच्यावर ‘कुत्र्यांसाठी’ असं लिहिलेलं असतं, म्हणून परवाना लागत नाही.) तेवढे दिवस काही घोळ न करता तो सांभाळून दाखवला, तर पिस्तुलाला मेधा हो म्हणणार होती. मी तीन आठवडे तो कोटाच्या आतल्या खिशात घेऊन ताठ मानेने हिंडलो. सुपरमार्केटमध्ये ब्रेड घेतानाही माझी चाल बदलली होती.

आणि खंडेनवमी आली.

सासूबाईंनी पाटावर पूजा मांडली. माझा लॅपटॉप, ड्रिल मशीन, सुरी, विळी, ईराची कंपासपेटी. "जावईबापू, खरं शस्त्र कुठंय तुमचं?" त्यांनी विचारलं. इतक्या आदराने माझ्याकडे त्या घरात कोणी काही मागितलं नव्हतं. मी स्प्रे आणून मधोमध ठेवला. सुरक्षिततेचा माणूस म्हणून निरांजन दीड मीटर लांब सरकवलं, टेपने मोजून. अग्निशामक नळकांडंही शेजारी आणून ठेवलं. त्यालाही सासूबाईंनी कुंकू लावलं.

"गंध लावा आता."

मी झाकणाला गंध लावलं.

"अहो, झाकणाची पूजा करायची की शस्त्राची?"

पटलं मला. मी झाकण उघडलं. बारीक अक्षरं वाचायची सवय असल्याने चेहरा जवळ नेला आणि गंधाचं बोट बरोबर मधोमध, भक्तिभावाने, दाबून टेकवलं.

पुढची दहा मिनिटं मला दिसली नाहीत, फक्त ऐकू आली. मेधा खिडक्या उघडत होती. ईरा आयुष्यात पहिल्यांदा मराठीत ओरडत होती. सासूबाई खोकता खोकता म्हणत होत्या, "जागृत आहे हो!" आम्ही चौघं जिन्यात आलो. वर फ्राऊ बेकरना ठसका लागला. आमच्या गावात विचित्र वास आला की कारखान्यातच काहीतरी फुटलं, असं धरून चालतात. त्यांनी फोन केला. अग्निशामक दल आलं, मागोमाग पोलीस आले.

"हल्लेखोर कुठे गेला?" पोलिसाने विचारलं.

तीन बोटं माझ्याकडे वळली.

"कोणावर मारलात?"

"स्वतःवर," मी म्हणालो.

त्याने आत जाऊन रुमालात धरून स्प्रे आणला आणि त्यावरच्या लाल ठिपक्याकडे बघितलं. "हे काय?"

ईराने अस्खलित जर्मनमध्ये खुलासा केला, "पापा शस्त्राची पूजा करत होते."

"विळीचीसुद्धा केली!" मी घाईघाईने म्हणालो. विळी म्हणजे काय ते दाखवायला सासूबाई लगबगीने आत गेल्या आणि विळी घेऊन बाहेर आल्या. पोलीस दोन पायऱ्या खाली उतरला.

मग त्याने कागद काढला. हल्ला करणारा: माझं नाव. इजा झालेला: माझं नाव. व्यवसाय? मी पुन्हा खोकायला लागलो, या वेळी गरज नसताना. पण मेधाने तेवढ्यात सांगून टाकलं, "सुरक्षितता शिकवतात."

परवान्याचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. स्प्रे आता मेधाच्या पर्समध्ये असतो. ट्राममध्ये तिच्या शेजारी बसायचं असलं, की मी आधी तिच्या हाताकडे बघतो आणि मग अदबीने विचारतो, "अहो, सरकता का जरा?"