सातवी जागा

आम्ही माणसं सात आणि गाडी सातजणांची, तरी त्या गाडीत आम्ही बसत नव्हतो. हे ज्याला सांगावं तो आधी हसायचा, मग बोटं मोजायचा आणि शेवटी मलाच शहाणपण शिकवायचा. "सर, तुम्ही गणित शिकवता ना?" असं शाळेत एकानं तोंडावर विचारलं. शिकवतो. बीडमधल्या एका शाळेत आठवी-नववीला गणितच शिकवतो, म्हणून तर डोक्यात जास्त तिडीक जायची.

घरात मी, बायको, आई, वडील, पाच वर्षांची थोरली मुलगी आणि तिच्या पाठची दीड वर्षांची जुळी मुलं. बायको नर्स आहे. अपघाताचे पेशंट आणतात त्या वॉर्डात तिची ड्यूटी असते. तिथे काय बघते ते ती घरी कधी सांगत नाही. पण गाडीचा विषय निघाला तेव्हा तिनं एकच अट घातली. तिन्ही लेकरं आपापल्या सीटमध्ये, पट्ट्यानं बांधून बसतील तर गाडी घ्यायची, नाहीतर आहे ते बरं आहे. आमच्याकडे लेकरू मांडीवर बसतं. जीपमध्ये, टेम्पोत, मोटरसायकलच्या टाकीवर, कुठेही बसतं, आणि माणसं मोजताना त्याला कुणी धरत नाही. त्यामुळे बायकोची अट ऐकून भावकीतल्या लोकांची करमणूक झाली. "लेकरायला बी रिझर्वेशन का?" असं विचारून झालं.

मला वाटलं होतं, वडीलही हसतील. ते हसले नाहीत.

"ती म्हनती ते खरं हाय," ते म्हणाले. "आमी कोकरं घोड्यावर न्यायचो तवा बांधूनच न्यायचो. सुटं कोकरू ऱ्हातंय व्हय?"

वडिलांनी उभा जन्म मेंढ्यांमागे काढला. वडवणीकडच्या आमच्या गावातून दिवाळी झाली की ते कळप घेऊन निघायचे, ते पावसाच्या तोंडाशी परत यायचे. आईसुद्धा बहुतेक त्यांच्यासोबत असायची. मी आणि बहीण चुलतीकडे राहून शाळा शिकलो. म्हणजे आमचं घर सगळं मिळून एका जागी असं फार थोडं राहिलं. लग्नकार्यालाही आम्ही फुटून जायचो. वडील कुणाच्या तरी मोटरसायकलवर, आई बायकांच्या टेम्पोत, आम्ही दोघं जागा मिळेल तिथं. पोहोचल्यावर मंडपात एकमेकांना शोधायचो. पुढे मला नोकरी लागली, मेंढ्या विकल्या, दोघं माझ्याकडे बीडला राहायला आली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. एक गाडी घ्यायची आणि आपण सगळ्यांनी तिच्यात एकत्र बसून जायचं. केजला बहीण असते, तिच्या दारात सगळ्यांनी एकाच गाडीतून उतरायचं. याहून मोठी हौस मला नव्हती. तीन सीटांची अट आली तरी माझं मन काही बदललं नाही. सात माणसांची गाडी मिळते, आपण सात आहोत, झालं की.

लेकरांच्या तीन सीट आधीच मागवल्या. कुठल्या गाडीत बसतात ते बघायला त्या घेऊनच शोरूमला जायचं ठरवलं. रिक्षात त्या तीन खुर्च्या आणि त्यांच्यामध्ये दबून बसलेले वडील. सिग्नलला शेजारच्यानं विचारलं, "काका, सलून टाकताय का?" वडिलांनी गंभीरपणे हो म्हणून सांगितलं आणि उद्घाटनाला बोलावलं. ते तसे मजेचे होते. मीच तापट होतो, अजून आहे.

पहिल्या गाडीत मधल्या रांगेत दोन सीट बसल्या आणि त्यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली. तिसरी सीट त्या फटीत कोंबून बघितली तर पट्टा लावायला हात जाईना. मग ती अगदी मागच्या रांगेत न्यावी लागणार. पण मागच्या रांगेत जायचं तर मधलं बाकडं दुमडावं लागतं आणि त्याच्यावर लेकराची सीट बांधली की ते दुमडत नाही. सेल्समनला हे मी तीनदा समजावून सांगितलं. तो दर वेळी बाकडं दुमडून दाखवायचा, फक्त आधी लेकराची सीट काढून बाजूला ठेवायचा.

"सर, लहान मुलं आपण काउंटच करत नाही," तो शेवटी म्हणाला.

"मग कुणाला करता?" मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

दुसरी गाडी रुंद होती. तिच्यात तिन्ही सीट एका ओळीत बसल्या, पट्टेही लागले. मला इतका आनंद झाला की मी लगेच पेढ्यांचा विचार करू लागलो. लेकरं मध्ये, आई-वडील मागे, आम्ही दोघं पुढे. मग लक्षात आलं, मागे जायला वाटच नाही. सेल्समन म्हणाला, डिकीतून जाता येईल. मी नको म्हणायच्या आत वडिलांनी चपला काढल्या होत्या. एक पाय आत टाकला, मान वाकवली आणि बाकड्याच्या पाठीवरून पलीकडे जाताना त्यांचा गुडघा अडकला. धड आत नाही, धड बाहेर नाही. शोरूममधली दोन माणसं त्यांच्या तंगड्या धरून उभी, धोतर वर गेलेलं, आणि आतून त्यांचा आवाज, "थांब रं, जमतंय, जमतंय." बाजूच्या गाडीशी उभं असलेलं एक कुटुंब तोंड फिरवून हसत होतं. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना खसकन मागे ओढलं. त्यांचं कोपर खरचटलं. आई तर त्या डिकीकडे नुसतं बघून म्हणाली, "मला काय ह्या जल्मात जमायचं न्हाई बाबा." तिचे गुडघे कधीच गेलेले आणि मागे बसलं की तिला गाडी लागते.

तिसरी गाडी मध्ये दोन सुट्या खुर्च्यांची होती, दोन्हींमधून मागे जायला चिंचोळी वाट. दोन खुर्च्यांवर जुळी. मागच्या रांगेत थोरलीची सीट आणि तिच्या बाजूला बायको, कारण मागे मोठं माणूस हवंच; तेवढ्यात नावाला तिघांची असलेली ती रांग भरली. पुढे मी आणि एक जण. सगळे मोजले की सहा. आई किंवा वडील, दोघांपैकी एकच. याहून मोठ्या गाड्यासुद्धा असतात, पण त्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. वडापला, म्हणजे गावोगाव माणसं भरून न्यायला, वापरतात तशी आडव्या बाकड्यांची जीप बघितली तर तिच्या मागच्या बाकड्यांना पट्टेच नाहीत, आणि आत चढायला पुन्हा तोच मागचा दरवाजा. महिनोन् महिने असे गेले. घरी हॉलमध्ये मी खडूनं गाडीची मापं आखली, त्यात सीट ठेवल्या, स्टुलं ठेवली, माणसं बसवली. दर वेळी एक माणूस रेघेच्या बाहेर. मी हात टेकले.

एका रविवारी जेवताना वडीलच म्हणाले, "ती मदी वाटंची गाडी घी. लेकरं नीट बसतील तिच्यात. आमी दोगं यष्टीनं यीऊ."

"कावून? एकाला पुढं बसता येतंय की," मी म्हणालो.

"हिला एकलीला बसवून मी काय करू? अन् मी बसलो तर ही यष्टीत एकली. हिला तर पाटी बी वाचाया येत न्हाई." मग हसून म्हणाले, "मला तर तिकीट फुकट हाय की. हिला अर्धं. तुझ्या गाडीला डिझेल लागतंय."

आई म्हणाली, "त्यांना गर्दीत जागा धरता येत न्हाई. मी लागते संगं."

दोघांनी एकमेकांचं नाव पुढे केलं आणि विषय संपला. बायको ताटावरून न जेवता उठली. तिची अट चुकीची नव्हती. वडिलांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. कुणाशी भांडावं हे मला कळेना. वडिलांना पंचाहत्तर वर्षं होऊन गेली होती, एस.टी.च्या फुकट प्रवासाचं कार्ड ते खिशात अभिमानानं बाळगायचे, आणि त्या दिवशी त्या कार्डाचाच मला विलक्षण राग आला. ते नसतं तर त्यांना असं सहज बाजूला होता आलं नसतं, असं काहीबाही मनात येत राहिलं.

गाडी आली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आईनं ओवाळलं, शेजाऱ्यांना पेढे दिले. आत बसा म्हणून मी दोघांना किती विनवलं. कॉलनीत एक चक्कर मारू म्हणालो. वडील म्हणाले, पहिल्यांदा लेकरांना फिरव. नंतर बायकोच्या ड्यूट्या, कामं, शाळा. आणि ती चक्कर राहिलीच.

केजला बहिणीकडे गेलो ते ठरल्याप्रमाणे. ते दोघं सकाळीच स्टँडवर गेले, आम्ही तासाभरानं निघालो. मांजरसुंब्याच्या घाटात आम्ही त्यांची बस गाठली. पुढे ट्रक होता, त्यामुळे बराच वेळ तिच्या मागेच चालावं लागलं. मग वाट मिळाली. बसच्या बाजूनं पुढे जाताना थोरली ओरडली, "आबा, आबा." वडील खिडकीत होते. त्यांनी हात बाहेर काढून जोरात हलवला, जणू काही फार गंमत चालली आहे. आई पलीकडे होती, तिचा फक्त पदर दिसला. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मी हॉर्न वाजवला आणि पुढे निघालो, कारण घाटात थांबता येत नाही.

बहिणीच्या दारात आम्ही उतरलो. तिनं पहिला प्रश्न केला, "माय अन् आबा कुठं हायेत?" मी मागून येताहेत म्हणालो. तिनं गाडीत वाकून पुढच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे. भांडली असती तर बरं झालं असतं. मी तशीच गाडी फिरवून स्टँडवर त्यांना आणायला गेलो, तर ते दोघं रस्त्यानं चालत, हातात खाऊची पिशवी घेऊन, अर्ध्यावर आलेसुद्धा होते. मी गाडी थांबवली. वडील म्हणाले, "आता काय, आलंच की घर. तू हो म्होरं." आणि दोघं चालत राहिले. मी त्यांच्या मागे मागे, पहिल्या गिअरमध्ये, दारापर्यंत आलो.

पुढे सगळं असंच बसून गेलं. सण, लग्नं, बारशी. आम्ही गाडीनं, ते एस.टी.नं. हळूहळू ते लवकर निघायचे म्हणून मी घड्याळ लावून द्यायचो, त्यांची भाकरी बायको बांधून द्यायची, आणि या सगळ्याला घरात एक वळण पडलं. एकदा बायको म्हणाली, थोरली अजून जरा वाढली की तिला ती मोठी सीट लागणार नाही, साधी उशी पुरेल. मग जागा मोकळी होईल, दाटीवाटीनं का होईना सगळे बसू. वडिलांनी ते ऐकलं. "हां, वाढंल की. पोरगी वाढाया किती येळ लागतोय," ते म्हणाले. मी मनातल्या मनात वर्षं मोजली आणि त्यांच्याकडे बघितलं. बघायला नको होतं.

त्या हिवाळ्यात ते दोघं गावी गेले, अर्थात बसनं. चुलतभावाचा कळप त्या साली बाहेर न जाता गावच्या शिवारातच बसला होता, तो बघायला वडील दुपारचे गेले. बाभळीखाली जरा पडतो म्हणाले. चुलतभाऊ पाणी घेऊन आला तेव्हा ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले असतील. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस. मला तसं काही वाटलं नाही. मला फक्त वाटलं की आता ते व्हायचं नाही. आयुष्यात मी एकच गोष्ट ठरवली होती, तीसुद्धा काही फार मोठी नव्हती.

चौदावा उरकून आम्ही बीडला यायला निघालो. आईला गावी एकटं ठेवायचा प्रश्नच नव्हता. जुळ्यांना त्यांच्या खुर्च्यांत बांधलं. थोरलीला मागे बांधलं, तिच्या बाजूला बायको बसली. मी पुढचं दार उघडून उभा राहिलो. आई घराच्या पायरीवर पिशवी घेऊन उभी होती. तिनं एकदा एस.टी.च्या थांब्याकडे बघितलं, मग गाडीकडे आली. पाय वर उचलायला तिला त्रास झाला, मी हात दिला. ती बसली. पट्टा कसा लावायचा ते तिला माहीत नव्हतं, तो मी ओढून लावला. ती त्या सीटवर इतकी लहान दिसत होती की पट्टा तिच्या गळ्याशी येत होता, म्हणून बायकोनं मागून एक चादर घडी करून दिली, ती पाठीशी ठेवली.

मी फिरून माझ्या जागेवर येऊन बसलो. आईनं मान वळवून मागे बघितलं, जुळ्यांकडे, थोरलीकडे, सुनेकडे. मग पुढे बघत मला विचारलं, "समदे बसले का?"

"बसले," मी म्हणालो आणि गाडी सुरू केली.