अप्पांचा हुंकार

सरकारी शिक्षक भरतीची परीक्षा मी देत होते ती शेवटचीच. वयाची अट होती, पुन्हा बसू देणार नव्हते. खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर मुलं सांभाळून मी विटले होते. ही नोकरी मिळाली तर माणसासारखं जगता येईल, असं मला मनापासून वाटायचं.

आई गेल्यापासून उणकलच्या घरात मी आणि अप्पा, दोघंच. अप्पा हायस्कुलात इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले आणि काचबिंदूनं त्यांची नजर नेली. ज्या माणसानं जन्मभर वाचलं, तो आता दिवसभर खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या ऐकायचा. म्हणून मी माझं गाइड त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागले. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.

परीक्षा कन्नडात, म्हणून गाइडही कन्नडात. मी वाचायची, अप्पा मराठीत भाष्य करायचे. "हळू वाच गं, घाई काय हाय?" प्रत्येक वाक्यानंतर ते "हं" म्हणायचे, आणि त्यांचं "हं" आलं की मी पुढे सरकायची. पहिल्यांदाच वाचत असले की माझा आवाज अडखळतो आणि दुसऱ्यांदा वाचताना सरळ जातो, हेसुद्धा त्यांना कळायचं. "हे काल झालंय की," म्हणायचे. बदामी, विजयनगर, कित्तूर, सगळं चार-चार वेळा झालं. अप्पांचा चेहरा पुन्हा वर्गात उभं राहिल्यासारखा दिसायचा. ते बघून मला रडू यायचं आणि बरंही वाटायचं.

विद्यानगरच्या क्लासमधले सर मात्र कावलेले. "ओदिद्दु साकु, पेपर बिडिसि!" वाचलं तेवढं पुरे, आता पेपर सोडवा. त्यांचं बरोबर होतं. मी घड्याळ लावून बसायची. पण पेपर सोडवायचा तर मुकाट्यानं. मी गप्प झाले की घर गप्प व्हायचं, आणि थोड्या वेळानं खुर्चीतून आवाज यायचा, "झालं काय गं?" मोठ्यानं सोडवून बघितलं, तर प्रत्येक प्रश्नाला अप्पांचा इतिहासाचा एक तास. शेवटी सकाळी पेपर आणि संध्याकाळी गाइड, असं ठरवलं. सकाळ स्वयंपाकात आणि शाळेच्या गडबडीत जायची. उरायची ती संध्याकाळ.

परीक्षेत पहिला प्रश्न वाचला. येत होता. दुसराही येत होता. पण मी वाचत होते अप्पांना वाचून दाखवल्यासारखी: हळू, स्वल्पविरामाला थांबून, चारही पर्याय पुरते. आणि प्रत्येक वाक्यानंतर मन त्या "हं"साठी अडून बसायचं. घाई करायला गेले तर वाचलेलं डोक्यातच शिरेना. घंटा झाली तेव्हा शेवटची पानं मी उलटलीसुद्धा नव्हती. पेपर लांबलचक होता, असं बाहेर सगळे म्हणत होते. मी म्हटलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

घरी आले तर अप्पा दारातच. "प्रश्नपत्रिका आणलीस की नाही? वाच बघू!"

वाचू लागले. त्यांना एकेक उत्तर येत होतं. लहान मुलासारखे हात चोळत होते. "हे आपण केलंय की! लिहिलंस नव्हं?" मी होय म्हणत गेले, आणि तोवर ते खरंही होतं. मग शेवटची पानं आली. कित्तूरवरचा प्रश्न होता, अगदी सोपा. मी वाचला. अप्पांनी "हं" म्हटलं नाही. पुढचा वाचला. तरी नाही.

"हे पान तू आत्ता पहिल्यांदा वाचायलीस," अप्पा म्हणाले.

"होय अप्पा."

"का?"

"वेळ संपला. हळू वाचत होते."

ते हात मांडीवर ठेवून बसले. मग म्हणाले, "जा, जेवून घे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, परीक्षा संपली, आता बातम्या तरी वाचते. "नको गं, डोकं दुखायलंय," म्हणाले. तेव्हापासून अप्पांचं डोकं रोज संध्याकाळी दुखतं.