सुपारीची वरात

परतूरच्या बाजारात माझं कटलरीचं दुकान आहे. कटलरी म्हणजे बांगड्या, टिकल्या, लेस, लोकर, मणी, फेव्हिकॉल. सुरी-चमचे सोडून सगळं. दुकान माझ्या अब्बांचं होतं, आता मी चालवते. माझं नाव साजिया. काउंटरमागं बसून गावातल्या बायकांविषयी जे कळतं ते त्यांच्या नवऱ्यांनाही कळत नाही. म्हणून गिरिजाविषयी सांगायचा हक्क मला आहे. ज्यांना वाईट वाटायचं असेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

गिरिजा आमच्या मागच्या गल्लीत राहते. कापसाच्या हंगामात ती जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जाते, आणि हंगाम संपला की घरी बसून हातानं वस्तू करते. राहते भावाकडे, मागच्या खोलीत. भाऊ देवानंद, वहिनी आणि त्यांची मुलगी पायल. गिरिजाचं लग्न झालेलं नाही. का झालं नाही, ते आधीच सांगून टाकते, कारण गल्लीत ते कुजबुजत सांगतात आणि मला कुजबुजायचा कंटाळा आहे. तिच्या बोटांवर कोड आहे. पांढरे डाग. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. पण मुलगी बघायला आलेल्यांची नजर पोह्यांच्या बशीवरून तिच्या बोटांवर गेली की पोहे घशात अडकायचे.

जाफराबादच्या एका स्थळानं असाच नकार कळवला. दुसऱ्या वेळी वहिनीनं तिच्या हातांवर कोपरापर्यंत मेंदी थापली. तिसऱ्या वेळी गिरिजा मेंदी न लावताच बाहेर आली, बशी खाली ठेवली, दोन्ही हात पाहुण्यांसमोर धरले आणि म्हणाली, "हे आधी बघून घ्या. मंग पोहे खा." पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि गेले. त्या दिवसानंतर तिनं कुणासमोर बशी नेली नाही.

आता रुखवताचं. आमच्यात दहेजाचं सामान मांडतात, रुखवत नसतं, त्यामुळे मला ते लहानपणापासून फार आवडायचं. लग्नाच्या मांडवात एका टेबलावर नवरीच्या हातच्या वस्तू मांडायच्या. लोकरीची तोरणं, मण्यांचे हंस, डाळींचा स्तूप, काड्यापेटीच्या काड्यांचं सांचीचं दार. समोर नवरीच्या नावाची चिठ्ठी. मग नवऱ्याकडच्या बायका येतात, बोटं लावून बघतात, नावं ठेवतात, नवरीकडच्या त्यांना उलटं बोलतात, आणि सगळ्यांची चांगली करमणूक होते. गिरिजानं शाळा सुटल्यापासून स्वतःच्या रुखवताच्या वस्तू करायला घेतल्या होत्या. पत्र्याची मोठी पेटी भरली होती.

ती पेटी कशी रिकामी झाली ते मी पाहिलंय. पहिल्यांदा चुलत बहिणीचं लग्न निघालं. काकू आली, "गिरिजे, तुझं तर पडूनच हाय. तिला दे की, तेवढंच उपयोगी येईल." गिरिजानं हंस दिले. मांडवात हंसांसमोर चुलत बहिणीच्या नावाची चिठ्ठी. मग मावसबहीण. मग मावसबहिणीची नणंद, जिनं आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता. प्रत्येक मांडवात गिरिजाच्या वस्तू असायच्या, नाव दुसरीचं असायचं, आणि गिरिजा मागं भांड्यांपाशी असायची. ती माझ्या दुकानात येऊन पुन्हा लोकर न्यायची, पुन्हा करायची, पुन्हा कुणीतरी यायचं. हात नको, हातचं चालतं, असा हा सगळा कारभार. मला संताप यायचा. ती म्हणायची, "जाऊ दे साजिया, त्यांच्या घरात माझे हंस उभे हायेत. मी जाते तेव्हा त्यायला वळखते."

एकच गोष्ट तिनं कुणाला दिली नाही. सुपारीची वरात.

ती वरात पाहिल्याशिवाय कळायची नाही, तरी सांगते. प्रत्येक माणसाचं डोकं सुपारीचं, डोळे मोहरीचे, अंग लोकर गुंडाळलेलं. टूथपेस्टच्या झाकणांचे ढोल. घोड्याचे पाय पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाच्या, काटक्यांचे आणि आयाळ जिनिंगच्या कापसाची. सुपारीला कीड लागते म्हणून ती पेटीत कडुलिंबाचा पाला ठेवायची आणि उन्हाळ्यात एकेक माणूस बाहेर काढून खोबरेल तेलाचं बोट फिरवायची. वरातीत कानाला मोबाइल लावलेला एक जाडा माणूस आहे, तो सरळसरळ देवानंद. तोंड उघडं टाकून ओरडणारी एक बाई आहे. ती कोण ते मी विचारलं नाही, मला दिसत होतं. दर वर्षी त्यात कुणीतरी वाढायचं. मी पण आहे. काउंटरसकट.

यंदा पायलचं लग्न ठरलं. पायल जालन्याला नर्सिंग शिकते, तिला रुखवताला कुठला वेळ? गिरिजानं आनंदानं सगळं करायला घेतलं. स्तूप नवा, तोरणं नवी. दुकानातून नेतानाही घासाघीस केली नाही, यावरूनच तिचा आनंद समजा. एवढं झाल्यावर वहिनी म्हणाली, "आन् मधोमध ती वरात ठिवू."

"ती न्हाई," गिरिजा म्हणाली.

हे सगळं माझ्या दुकानात झालं. दोघी लेस निवडायला आल्या होत्या.

"न्हाई म्हंजे? पायल तुझीच पोर हाय ना?"

"पायल माझीच हाय. म्हणून बाकी सगळं तिचं. वरात मांडायची तर तिच्यापुढं माझ्या नावाची चिठ्ठी लागंल."

वहिनीनं लेस खाली ठेवली. "तुझं नाव कशाला? पोराकडचे विचारतील, ही कोण. आत्या हाय, मंग लग्न का न्हाई झालं. मंग हात बघतील. उद्या म्हणतील, हे घराण्यातच हाय, पायलच्या लेकरायला बी व्हईल. तुला पटतंय का ते?" मग जरा आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी तर म्हणत होते, त्या दिवशी तू मागंच थांब. न्हाईतर हातमोजे घाल. लोक घालतेत आजकाल गाडीवर."

मी मोजत असलेली लेस माझ्या हातून सुटली. हातमोजे! परतूरच्या उन्हाळ्यात, मांडवात, हातमोजे! मी तोंड उघडणार होते, पण गिरिजाच आधी बोलली, आणि अगदी साधं बोलली.

"वरात माझ्या रुखवतात मांडीन मी."

"तुझं कुठलं आलंय रुखवत?"

"ह्या रविवारी हाय. तुम्ही बी या."

वहिनी गेल्यावर मी विचारलं, "अगं, खरंच?" ती म्हणाली, "माझ्या जिवात होतं ना साजिया, एकदा तरी माझं मांडायचं. नवरदेवाची वाट बघत बसले, तेच चुकलं. रुखवत नवरदेव करतो का? मी केलंय. तो येवो न येवो." मग विचारलं, "तुझी ओसरी देशील?" मी म्हणाले, बिलकुल. घरी आमचे मालक म्हणाले, लग्नाशिवाय रुखवत, लोक हसतील. मी म्हणाले, हसायला तरी येतील ना, चहा टाकून ठेवते.

पण लोक येतीलच असं नव्हतं. देवानंदनं बहिणीशी बोलणं टाकलं. वहिनी दारोदार फिरून सांगून आली की गिरिजाचं डोकं फिरलंय, पोरीच्या लग्नाआधी हा अपशकुन आहे, कुणी जाऊ नका. बाबासाहेबांच्या मागं आलो तेव्हाच आपण शकुन-अपशकुन सोडले, असं दर जयंतीला माइकवर सांगणारा देवानंद त्यावर गप्प बसला. गिरिजाला याचं सगळ्यात जास्त लागलं. ती रडली, माझ्यासमोर रडली, आणि नाक पुसून सुपारीला तेल लावायला बसली.

शनिवारी संध्याकाळी ती वरात घेऊन ओसरीवर आली. एकेक माणूस मांडता मांडता घोड्यावरचा नवरदेव तिनं उचलला आणि हातात धरून बसून राहिली. लाल लोकरीचा फेटा, मण्यांच्या मुंडावळ्या, छान केलेला होता मेला.

"याचं काय करू?" तिनं विचारलं.

"फेकून दे."

"फेकू कशाला? त्यानं काय केलंय?" तिनं त्याच्या मुंडावळ्या काढल्या, गळ्यात टूथपेस्टचं झाकण अडकवलं आणि त्याला बँडवाल्यांत उभा केला. "वाजव बाबा. तुला बी काम पाहिजे." मग वरातीतल्या मागच्या गाडीत बसलेली हिरव्या लोकरीची नवरी उचलून तिनं घोड्यावर ठेवली आणि पडू नये म्हणून फेव्हिकॉलचा थेंब लावला.

रविवारी दुपारी ओसरीवर पांढरी चादर, त्यावर तिनं केलेलं सगळं. पायलसाठीच्या वस्तू तिनं आणल्या नव्हत्या, त्या पायलच्या. इथं मधोमध वरात, आणि चार बाजूंना जे तिच्याकडे उरलं होतं ते. फार नव्हतं. बरंचसं दुसऱ्यांच्या शोकेसमध्ये होतं. गिरिजा हिरवं लुगडं नेसून, बाह्या कोपरापर्यंत सारून वस्तूंपाशी बसली. चहा उकळून उकळून काळा झाला. गल्लीतून बायका जायच्या, मान वळवायच्या, पुढं जायच्या. चिठ्ठीसाठी कागद समोर ठेवला होता, पण तिनं लिहिलं नव्हतं. मी म्हणाले, लिही. ती म्हणाली, "कुणी वाचायला आलं की लिहिते." मला त्या क्षणी सगळ्या गल्लीला रस्त्यावर ओढून आणावंसं वाटत होतं.

तेवढ्यात पायल आली. अंगावर लग्नाच्या खरेदीतली नवी साडी, केसांत गजरा. लग्नाआधी नवरीनं उगाच फिरायचं नसतं, हे तिला आईनं बजावलं असणारच. ती मुद्दाम बाजारातून, सगळ्यांच्या दारासमोरून चालत आली होती. ओसरीवर येऊन तिनं वरात पाहिली, घोड्यावरच्या नवरीकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसली.

"आत्या, चिठ्ठी कुठंय?"

गिरिजानं कोरा कागद दाखवला. पायलनं माझ्याकडून पेन घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आयुष्मती गिरिजा हिच्या हातचं.' कागद वरातीसमोर उभा केला. मग ओसरीच्या कडेला जाऊन रस्त्यावर बघत हाक दिली, "ओ मावशी, मांडवात तर येणारच हायेत ना तुम्ही? मंग आजच्याला बी या! नवरी बोलवून राह्यली!"

नवरीनं बोलावल्यावर कोण थांबतं? दोघी आल्या, मग चौघी, मग ओसरीवर चपला ठेवायला जागा उरली नाही. आल्या की लगेच सुरू. ही एवढी बोंबलणारी बाई कोण गं? हिचं तोंड तर वळखीचं वाटतंय! ह्यो मोबाइलवाला बघा, लग्नात बी सोडंना! साजियाबीचं काउंटर बघा! चुलत बहीणही आली होती. पिशवीतून कागदात गुंडाळलेले हंस काढून तिनं चादरीवर ठेवले आणि म्हणाली, "आजच्या दिवस हितं राहू दे. माझ्या घरी सगळे विचारतेत कुणी केले म्हणून. आता तुझंच नाव सांगणार हाय." गिरिजानं हंसांवरून बोट फिरवलं. पांढरं बोट, पांढरे हंस, आणि कुणीही नजर फिरवली नाही.

"पण नवरी घोड्यावर कशी काय?" एका म्हातारीनं विचारलं. "नवरदेव कुठंय?"

"ढोल वाजवून राह्यला," गिरिजा म्हणाली.

हसण्याचा असा आवाज झाला की शेजारच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. तेव्हाच मला दारात वहिनी दिसली. पायलला न्यायला आली होती. तिची नजर बोंबलणाऱ्या बाईवर गेली आणि तिला ती कळली. तिनं ओठ घट्ट मिटले, पण गेली नाही. खांबाला धरून उभी राहिली.

आणि मग व्हायचं तेच झालं. रुखवतापाशी बायका जमल्या की नाव घ्यायला लावतात, उखाण्यात नवऱ्याचं. सवयीनं कुणीतरी ओरडलं, "नाव घे, नाव घे!" आणि ओरडल्यावर तिच्या लक्षात आलं. नवराच नाही तर नाव कुणाचं घेणार? पायलनं माझ्याकडे बघितलं, मी कपांकडे.

गिरिजा मात्र उठून उभी राहिली. पदर सारखा केला, डाग असलेले दोन्ही हात पुढं धरले, जसे तेव्हा पाहुण्यांसमोर धरले होते, आणि वहिनीकडे बघत, खणखणीत आवाजात म्हणाली,

"सुपारीची नवरी घोड्यावर बसली थाटात,
गिरिजाचं नाव घेते, गिरिजाच्याच रुखवतात."