चाचा आणि नवी आवृत्ती

बारामती ते इंदापूर या टापूत विजेचा कधी रस्ता चुकलाच, तर ती आमच्या चाचांना विचारून पुढे जात असावी, अशी त्या काळात माझी पक्की समजूत होती. चाचा आमच्या कारखान्यातले ड्राफ्ट्समन. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही मोटारी चालू-बंद करणारे विजेचे पॅनल बनवायचो, आणि त्यातल्या प्रत्येक वायरीची वाट चाचा ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचे. रोज इंदापूरहून एसटीने येत. मी शेळगावचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवी होती, पण पॅनलचं ड्रॉइंग समोर ठेवलं की माझी अवस्था जत्रेत हरवल्यासारखी व्हायची. पहिल्या आठवड्यात चाचांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "इंजिनिअर, वीज वरनं येती आन् खाली जाती. पाटाच्या पाण्यावानी. कुटं दार लावलंय आन् कुटं उगडलंय, येवडंच बगायचं." कॉलेजच्या चार वर्षांत हे इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. ते उपकार मी अजून मानतो.

चाचांच्या तऱ्हा मात्र सोसाव्या लागत. पॅनल कुणाच्या हाताखाली जाणार हे कळल्याशिवाय ते रेघ मारत नसत. सुप्याकडच्या एका पंपाचं ड्रॉइंग दोन दिवस अडून राहिलं, कारण तिथला पंपवाला उंच की बुटका, हे सांगणारा माणूस भेटेना. मालक चिडले, तर चाचांनी शांतपणे विचारलं, "बुटका असला तर त्यानं जलमभर टाचा वर करून मोटर चालू करायची का?" एकदा एका पॅनलचं दार त्यांनी उलट्या बाजूने उघडणारं काढलं. तिथला वायरमन डावखुरा होता, हे त्यांना एसटीत कुणीतरी सांगितलं होतं. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, फुंकर मारायची आणि त्या चुकीशी चार शब्द बोलायचे, हे तर रोजचंच. वायरींना नंबर देतानाही सलग देत नसत. वीसपर्यंत आले की पुढचे चार-पाच मोकळे सोडायचे आणि सव्वीसपासून सुरू करायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पुढं कोन तरी काय तरी वाढवनारच. ते आलं तर त्येला बसायला जागा नको व्हय?"

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्यावरचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मी रडतखडत शिकलो, आणि जरा हात बसतोय तोवर पुण्याहून त्याची नवी आवृत्ती आली. फ्लॉप्यांची चळत आणि विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. मालकांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि चाचांसमोरच सांगितलं, "लासुर्ण्याच्या पाणीउपशाचा पॅनल यावर काढा. जमलं तर चाचांचं टेबल काढू, तिथं दुसरा कॉम्प्युटर बसवू. चाचा स्टोअर सांभाळतील." चाचा ब्लेडने एक रेघ खरवडत राहिले. माझी मात्र पंचाईत झाली. काम जमलं नाही तर माझी नोकरी अवघड, आणि जमलं तर ज्यांनी मला शिकवलं त्यांचं टेबल जाणार.

रोज जेवणाच्या सुट्टीत चाचा डबा उघडून म्हणायचे, "वाचा, काय काय नवीन घातलंय." मी डुलक्या काढत इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरची, रिलेची चिन्हं आयती तयार मिळतात, हे ऐकून ते म्हणाले, "मंजे शिळी भाकर. गरम केली तरी शिळीच." वायरींना नंबर आपोआप पडतात म्हटल्यावर त्यांनी नुसतं हं केलं. कॉन्टॅक्टर एका पानावर आणि त्याच्या हुकमावर उघडझाप करणारे त्याचे कॉन्टॅक्ट कुठल्या कुठल्या पानांवर पसरलेत, हे सॉफ्टवेअर स्वतः लिहितं, हे कळल्यावर मात्र ते घास हातात धरून थांबले. म्हणाले, "ही सोय चांगली हाय. कुनाची पोरं कुटं ऱ्हात्यात, हे मला एकट्याला डोक्यात ठिवायला लागतंय."

लासुर्ण्याचं ड्रॉइंग जमलं. त्याप्रमाणे पॅनल तयार होऊन जागेवर गेला. मग तिथून निरोप आला की विहिरीतलं पाणी संपलं की मोटर बंद करणारा एक स्विच वाढवा. मी ड्रॉइंगमध्ये एक वायर वाढवली, सॉफ्टवेअरला नंबर पाडायचा हुकूम पुन्हा दिला, आणि नवी प्रत वायरमनबरोबर धाडली. दुपारी त्याचा फोन आला. "सायेब, ड्रॉइंगमदला चोवीस आन् प्यानलातला चोवीस एकमेकाला वळकत न्हाईत. मोटर लावू का नको?"

मधे एक वायर शिरल्यावर सॉफ्टवेअरने पुढचे सगळे नंबर एकेकाने सरकवले होते, आणि पॅनलातल्या वायरींच्या टोकांवर जुनेच नंबर छापलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या होत्या. "काय बी लावू नको, आमी येतो," असं चाचांनीच फोनवर सांगितलं. आम्ही एसटीने लासुर्ण्याला गेलो. चाचांनी पॅनलपुढे बसकण मारली, पेन्सिलने नव्या प्रतीवर जुने नंबर परत लिहून काढले, आणि वाढवलेल्या वायरीला 'तेवीस अ' म्हणून जागा करून दिली. संध्याकाळी मोटर चालू झाली. परतताना ते एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपले. मी जागा होतो. उद्या मालक काय म्हणणार, हे मला ठाऊक होतं.

आणि मालक तेच म्हणाले. "चाचा, या यंत्राचा भरवसा नाही. तुमचं टेबल राहू द्या."

चाचांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. खरं सांगायचं तर त्यांनी ती हलवावी म्हणून मी मनात धावा करत होतो. चाचा म्हणाले, "यंत्राचं काय चुकलं न्हाय. नंबर हाय तितंच धरून ठिवायची सोय दिलीया त्यात. इंजिनिअरनं मला वाचून दाखवली, पर त्यो पेंगत हुता. मी जागा हुतो."

पुस्तक उघडलं. सोय होती. मी ती माझ्याच तोंडाने वाचली होती.

त्याच आठवड्यात, मालकांच्या पहिल्या हुकमाप्रमाणे, दोन हमाल टेबल न्यायला आले. वरची फळी दारातून निघेना. ते टेबल आतच जोडलेलं होतं. हमाल करवत आणतो म्हणाले. चाचा उठले, स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली शिरले आणि न बघता एकेक स्क्रू सोडवू लागले. मोकळे झालेले पाय त्यांनी हमालांकडे दिले. फळी माझ्या हातात देत म्हणाले, "धरा. हलकी हाय."

फळी हलकीच होती. पण स्टोअरपर्यंत नेताना मी ती दोनदा खाली टेकवली.